पहिल्या पानावरचा शब्द

मी एक जुनी फाईल आहे. एका मोठ्या रुग्णालयाच्या मनोविकार विभागातली, तपकिरी पुठ्ठ्याची, कोपरे झिजलेली. माझ्या पाठीवर चहाच्या कपाचे दोन गोल डाग आहेत आणि पोटात एकशे बारा पाने आहेत. मित्रांनो, तुम्ही म्हणाल, फाईलला कसले आले आहे आयुष्य! खरे आहे. मला माझे असे आयुष्य नाही. ज्या बाईचे नाव माझ्यावर लिहिले गेले, तिचेच आयुष्य मी आठ वर्षे पोटात घेऊन वावरले. आणि सांगताना लाज वाटते, तेही चुकीचे.

माझा जन्म रद्दीच्या लगद्यातून झाला. दाबयंत्राखालून निघाले तेव्हा मी चांगली ताठ होते. मला दोन भोके पाडली, हिरवा टॅग ओवला आणि पन्नास जणींच्या गठ्ठ्यात बांधून इथे आणले. आपण जाडजूड व्हावे, अशी माझी तेव्हा फार इच्छा होती. जाड फाईल म्हणजे मानाची फाईल, असा माझा समज. रुग्णालयात जाड फाईल म्हणजे बरे न झालेले माणूस, हे मला कोणी सांगितले नव्हते.

रेकॉर्डरूमच्या काकांनी माझ्यावर क्रमांक घातला. काकांचे अक्षर घाईचे; त्यात सहा आणि नऊ हे जुळे भाऊ वाटत. मला टेबलावर सरकवताना ते म्हणाले, "फाईल आणि घरजावई सारखेच, एकदा घरात आले की हलायचे नाहीत." मग त्यांनी पुकारा केला आणि ती आत आली.

ती एका छापखान्यात पुस्तकांची प्रुफे तपासत असे. तिथे तिला सगळे वेलांटीताई म्हणत, कारण ऱ्हस्व-दीर्घाची चूक तिच्या नजरेतून सुटली असे कधी झाले नाही. वय एकतीस. तीन वर्षांच्या मुलीला शेजारणीकडे ठेवून आली होती. सोबत नवरा होता, विजेचे मीटर दुरुस्त करणारा, चार शब्दांत दिवस काढणारा. आणि नवऱ्याची थोरली बहीण, म्हणजे तिची नणंद होती. त्या बाईच्या तोंडाला कुलूप म्हणून नव्हते.

डॉक्टर तरुण होते. सकाळपासूनचा हा त्यांचा एकेचाळिसावा रुग्ण होता आणि जेवणाचा डबा टेबलाखाली तसाच होता. तरी तिला घाम आलेला पाहून त्यांनी उठून पंखा वाढवला, हे मी विसरणार नाही.

"काय त्रास होतो?"

"अचानक जळक्या रबराचा वास येतो," ती म्हणाली. "कुठंच काही जळत नसतं. मग पोटातून भीती वर चढते. इथपर्यंत." तिने गळ्याला हात लावला. "समोरचं सगळं आधी एकदा घडून गेलंय असं वाटतं. आणि मग... मग मला काही कळत नाही. थोड्या वेळानं जाग आल्यासारखं होतं, तेव्हा शब्द सापडत नाहीत. हातात पेन्सिल असते, पण तिला पेन्सिल म्हणता येत नाही."

"घरी काही ताण? भांडणं वगैरे?"

"होतात थोडीफार. सगळ्यांच्याच घरी होतात."

"ताण कसला डॉक्टर!" नणंद मध्येच बोलली. "नाटकं आहेत सगळी. पाहुणे आले, काम वाढलं, की हिला वास येतो. आम्हाला कुणाला कसा येत नाही तो वास?"

नवरा खुर्चीच्या कडेवर पुढे सरकला. "नाही, म्हणजे, ती तेव्हा ओठ..."

तेवढ्यात दार उघडून एका माणसाने डोके आत घातले. "साहेब, आमचा नंबर गेला का?"

"बाहेर थांबा," डॉक्टर म्हणाले. दार लागले. पण नवऱ्याचे अर्धे वाक्य तसेच राहिले. 'ओठ काय?' असे कोणी विचारले नाही, आणि साहेबलोकांपुढे तेच दुसऱ्यांदा सांगायची त्याला सवय नव्हती.

डॉक्टरांनी माझ्या पहिल्या पानावर सात ओळी लिहिल्या. तिसरी ओळ अशी होती: 'नाटकी स्वभाव. लक्ष वेधण्यासाठी त्रास सांगते असे वाटते.' सगळे मिळून अकरा मिनिटांचे काम. मी खूश होते. माझ्यावर पहिल्यांदाच शाई पडली होती.

तीन महिन्यांनी ती पुन्हा आली तेव्हा डॉक्टर दुसरे होते. त्यांनी तिच्याकडे बघण्याआधी मला उघडले आणि नव्या पानावर जुनी नोंद उतरवली: 'नाटकी स्वभाव. लक्ष वेधण्यासाठी त्रास सांगते.' 'असे वाटते' हे दोन शब्द गळाले. मुद्दाम नव्हे, घाईत. तिसऱ्या डॉक्टरांनी तर एकच शब्द उचलला, 'नाटकी'. मित्रांनो, एका दमलेल्या माणसाला एका दुपारी जे वाटले होते, ते वर्षभरात तिचे निदान होऊन बसले. मी डोळ्यांदेखत पाहिले. पाहण्यापलीकडे मला काय करता येत होते?

त्यानंतर ती काय करते याला काही अर्थच उरला नाही. ती रडली, तर लिहिले जाई, 'भावनांवर ताबा नाही.' दात दाबून गप्प बसली, तर 'चेहरा कोरडा, सहकार्य नाही.' केस नीट विंचरून आली तर 'त्रास सांगते तसा दिसत नाही.' न विंचरता आली तर 'स्वतःकडे दुर्लक्ष.' एकदा तिने त्रासाच्या तारखा आणि वेळा कागदावर ओळीने लिहून आणल्या. सुंदर अक्षर, एकही खाडाखोड नाही. डॉक्टरांनी तो कागद मला जोडला आणि खाली लिहिले, 'आजारातच रमलेली.' गोळ्या वाढल्या. गोळ्यांनी ती जड झाली, पाय ओढत चालू लागली. मग त्या चालीचीही नोंद झाली.

छापखान्यात काम करणाऱ्यांना उलटे छापलेलेही वाचता येते. एके दिवशी टेबलापलीकडून तिने माझ्यावरचा 'नाटकी' हा शब्द वाचला. मग ती अगदी हळू आवाजात, कामावर सहकाऱ्याला सांगावे तशी म्हणाली, "डॉक्टर, इथं एक शब्द चुकलाय."

डॉक्टर हसले. "फाईल तुमच्यासाठी नसते, ताई."

"माझ्याबद्दल आहे ना पण? एकदा चुकीचं छापलं गेलं की पुढच्या प्रत्येक आवृत्तीत तेच जातं हो. मी रोज बघते."

त्यांनी मान डोलावली आणि लिहिले, 'शब्दांवरून वाद घालते.'

मुलगी सहा वर्षांची असताना व्हायचे ते झाले. सकाळची वेळ. आंघोळीचे कढत पाणी भरलेले पातेले उचलून ती न्हाणीघराकडे निघाली होती आणि मुलगी पायात घोटाळत होती. वास आला. तिला एवढेच आठवते, की वास आला. पातेले हातातून सुटले आणि पोरीचा डावा पाय घोट्यापासून बोटांपर्यंत भाजला. पोर किंचाळत होती आणि आई भिंतीकडे तोंड करून उभी होती, गाऊनचे बटण चाचपत.

त्या आठवड्यात तिला तपासणीला आणले. या खेपेला टेबलाभोवती तिघे होते.

"मुलगी ओरडत होती तेव्हा तुम्ही काय करत होता?"

"मला आठवत नाही."

"आठवत नाही, की सांगायचं नाही?"

"देवाशपथ आठवत नाही! मी माझ्या पोरीला भाजू देईन का? मला विचारा ना काय होतं ते. इतकी वर्षं मी सांगतेय, कोणीतरी एकदा शेवटपर्यंत ऐका ना!" ती उभी राहिली होती. आवाज चढला होता.

पान छपन्न: 'जबाबदारी टाळते. आक्रमक. मुलीला धोका संभवतो.'

मुलगी आत्याकडे राहायला गेली. आई भेटायला येई ती रविवारी, दोन तास, दार उघडे ठेवून. त्याच वर्षी छापखान्यानेही तिला घरी बसवले. तिच्या हातून एका पाठ्यपुस्तकाचे अख्खे पान न तपासता पुढे गेले होते. ती तासभर त्या पानासमोर बसली होती, असे सहकारी सांगत. पण त्या तासातली कोणती मिनिटे ती तिथे होती, ते तिलाही ठाऊक नव्हते.

आता जे सांगते ते मला सांगवत नाही. आमच्याकडे खिडकीवर फाईल घेऊन रुग्णाने स्वतःच ती डॉक्टरांच्या खोलीपर्यंत न्यायची अशी पद्धत आहे. त्या दिवशी बोळात फार गर्दी होती आणि नंबर लांबला होता. ती बाकावर बसली. मी तिच्या मांडीवर होते. आधी तिने माझ्यावर नुसता हात ठेवला. मग टॅग सैल केला आणि मला पहिल्या पानापासून वाचायला लागली.

आजवर मला इतके सावकाश कोणीच वाचले नव्हते. एकेक ओळ, बोट धरून. मधूनच ती 'नाही' म्हणे, मोठ्याने नव्हे, ओठांतल्या ओठांत. छपन्नाव्या पानाशी आली तेव्हा तिचे बोट थांबले. मला वाटले, आता ही मला फाडणार. मी त्यासाठी तयार होते, खरे तर मला तेच हवे होते. फाड बाई, टाक एकदाचे!

तिने फाडले नाही. पिशवीतून लाल पेन काढले आणि पानामागून पान, जिथे जिथे तो शब्द होता तिथे तिथे समासात प्रुफातली खूण केली. शब्द काढून टाका, अशी ती खूण. एकूण एकतीस खुणा. शेवटी बारीक अक्षरात लिहिले, 'कृपया मूळ प्रतीशी ताडून पाहावे.' मूळ प्रत म्हणजे ती स्वतः. मला कळले. आणखी कोणाला कळले नाही.

डॉक्टरांनी पाने उलटली, घंटी वाजवली. लिहिले, 'सरकारी कागदपत्रांत विचित्र खुणा. भ्रमाची शक्यता. दाखल करावे.'

नवरा सहीला आला. "साहेब, तिनं चूक दुरुस्त केलीय फक्त," एवढेच म्हणाला. मग सही केली.

ती तेवीस दिवस वॉर्डात होती. तिथेही तो त्रास चार वेळा झाला आणि एका परिचारिकेने प्रामाणिकपणे नोंद ठेवली: 'मिनिटभर प्रतिसाद नाही. ओठ चाटल्यासारखी हालचाल. दुर्लक्ष केल्यावर थांबते.' मित्रांनो, ती नोंद वाचून माझा पुठ्ठा पिळवटला. दुर्लक्ष केले नसते तरीही ते मिनिटभराने थांबलेच असते! आठ वर्षांपूर्वीचे ते अर्धे वाक्य आता माझ्या पोटात पूर्ण लिहिलेले होते आणि कोणाच्याही नजरेला पडत नव्हते. मी ओरडले असते. पण फाईलला तोंड नसते, फक्त पाने असतात, आणि लोक वरचेच पान वाचतात.

घरी सोडल्यानंतर काकांनी मला परत गठ्ठ्यात ठेवले. त्या दिवशी त्यांचा चष्मा दुरुस्तीला होता. त्यांनी सहाचा नऊ वाचला आणि मला भलत्याच गठ्ठ्यात, भलत्याच कपाटात, तळाला सारून दिले. महिन्याने माझा पुकारा झालेला मी ऐकला. काका कपाटे उघडत होते, शिंकत होते, पुटपुटत होते. माझ्यापासून हातभर अंतरावरून ते दोनदा गेले. शेवटी म्हणाले, "डॉक्टरीणबाईंना सांगा, फाईल मिळत नाही. कोऱ्या कागदावर घ्या."

पुढचे मी पाहिलेले नाही. नंतर मला जोडलेल्या नऊ पानांवरून सांगते.

तपासणीच्या खोलीत आता नव्या डॉक्टरीणबाई बदलून आल्या होत्या. निवृत्तीला दोन वर्षे उरलेल्या. त्यांची एक सवय होती: माणूस जे बोलेल ते त्याच्याच शब्दांत लिहायचे, आपले मत पानाच्या शेवटी, वेगळ्या चौकटीत. समोर वेलांटीताई होती, नणंद होती आणि अकरा वर्षांची मुलगी होती. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "तुमची फाईल हरवलीय. माझ्यापुढं कागद कोरा आहे. पहिल्यापासून सांगाल का?"

ती बोललीच नाही. पहिल्या पानावर तसे लिहिले आहे: 'चार मिनिटे शांत. घाई केली नाही.'

बोलली ती नणंद. "डॉक्टर, आधी मी बोलते. पाप माझं आहे. हिला नाटकी म्हणणारी पहिली मी. माझं ऐकून डॉक्टरांनी लिहिलं, आणि डॉक्टरांनी लिहिलं म्हणून मलाही तेच खरं वाटायला लागलं. मागच्या रविवारी ही आमच्याकडं आली होती. पोरगी तिला कविता म्हणून दाखवत होती. मधेच ही थिजली. मी म्हटलं, झालं सुरू! तर पोरगी मला म्हणते, आत्या, आई आता इथं नाहीये. थांब थोडं, येईल परत. अगदी सहज म्हणाली हो, बस येईल म्हणावं तसं. मी जवळ जाऊन बघितलं. डोळे उघडे, पण त्यात कोणी नव्हतं. नाटक करणाऱ्याच्या डोळ्यांत बघणारा असतो, डॉक्टर. तिच्या नव्हता."

डॉक्टरीणबाईंनी मुलीला विचारले, "आई परत येईपर्यंत तू काय करतेस?"

"मोजते. सत्तर-ऐंशीपर्यंत. आधी ती बटण धरते, मग ओठ चाटते, गिळते, आणि मग मला काहीतरी चुकीच्या नावानं हाक मारते. एकदा मला 'खिडकी' म्हणाली."

"तू हे आधी कुणाला सांगितलं होतंस?"

"कुणी विचारलं नाही."

शेवटच्या चौकटीत डॉक्टरीणबाईंनी लिहिले आहे: 'हे मनाचे नसून मेंदूचे असू शकेल. फिट म्हणजे फक्त जमिनीवर पडून हातपाय झाडणे नव्हे. माझे चुकतही असेल. तपासून पाहावे.'

तपासले. डोक्याला तारा लावून आलेख काढला, तो पहिल्या खेपेला साफ आला. एखादा तिथेच थांबला असता. बाईंनी दुसऱ्यांदा काढायला लावला, मग मेंदूचे चित्र काढले. कानशिलाच्या आतल्या बाजूला एक जुना, नखाएवढा व्रण निघाला. बहुधा लहानपणीच्या कसल्याशा तापाचा. जळके रबर तिथे होते. भीती तिथे होती. योग्य औषध सुरू झाल्यावर महिन्याला दहा-बारा वेळा होणारा त्रास दोनवर आला, मग दोन महिन्यांतून एकदा.

तुम्हाला वाटेल, संपले, सगळे गोड झाले. तसे झाले नाही. तिला अजूनही काही शब्द सापडत नाहीत. छापखान्याने पुन्हा बोलावले तेव्हा तिने स्वतःच नको म्हटले. मुलगी तिच्याकडे येते, राहते, पण तिची वह्या-पुस्तके अजून आत्याच्या घरी आहेत. भाजलेल्या पायात बूट घालताना ती आईकडे पाठ करते, आईला दिसू नये म्हणून. नणंद दर खेपेला औषध घ्यायला स्वतः येते, रांगेत उभी राहते आणि कोणाशी बोलत नाही. गोळ्यांनी भीती गेली, पण या आठ वर्षांवर कोणतीही गोळी निघालेली नाही.

मी सापडले ती त्यानंतर, कपाट रंगवायला हलवले तेव्हा. डॉक्टरीणबाईंनी मला पूर्ण वाचले. लाल खुणांशी आल्या तेव्हा त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. मग मला घेऊन त्या विभागप्रमुखांच्या खोलीत गेल्या. पहिले पान ज्यांनी लिहिले ते तरुण डॉक्टर आता प्रमुख झाले होते.

"हे अक्षर तुमचं?"

त्यांनी वाचले. पहिले पान, मग छपन्नावे, मग नव्या नऊ पानांपैकी प्रत्येक. खिडकीबाहेर कोणीतरी गाडी धूत होते, त्या पाण्याचा आवाज येत होता.

"अक्षर माझंच आहे," ते म्हणाले. "पण बाई... मला ती आठवत नाही. कितीही ताणलं तरी तिचा चेहरा आठवत नाही."

त्यांनी मला दोषी ठरवावे, फाईलच हरवते, नोंदीच नीट नसतात, असे काही म्हणावे, याची मी वाट पाहिली. त्यांनी थेट रेकॉर्डरूमच्या काकांना बोलावले.

"त्या वर्षी मी पहिल्यांदा तपासलेल्या सगळ्या फाइली काढा."

"साहेब, चारशेच्या वर असतील."

"काढा."

"काही लोक यायचेच बंद झालेत, साहेब. काही..." काकांनी वाक्य पुरे केले नाही.

"काय? पुरं बोला," प्रमुख म्हणाले. "काही काय?"

"काही आता नाहीत."

"त्यांच्याही काढा."

मित्रांनो, आज आम्ही चारशे अठरा जणी त्या खोलीत जमिनीवर, खुर्च्यांवर, खिडकीत रचलेल्या आहोत. ते रोज संध्याकाळी कामानंतर सहा-सात फाइली वाचतात, पत्ता असेल तिथे पत्र धाडतात. बहुतेक पत्रे परत येतात. मला आता जाड व्हायची हौस उरलेली नाही. माझ्यात काय लिहिले आहे ते खोटे ठरावे, एवढेच मागणे आहे.

तुमच्यापैकी कोणी उद्या डॉक्टर होईल, कोणी शिक्षक, कोणी साधी नणंद किंवा शेजारीण. तुमच्या हातात पेन असेल, नसेल. पण माणसाला एका शब्दात बसवायचा मोह तुम्हाला होईलच. तेव्हा 'असे वाटते' हे दोन शब्द गाळू नका. कोणी अर्ध्यावर थांबले तर 'पुढे काय?' असे विचारा. पोरांनाही विचारा, ती मोजत असतात. आणि हे लवकर करा हो. या ढिगात माझ्याखाली जी फाईल आहे, तिच्यात एकच पान आहे आणि त्यावरची पुढच्या भेटीची तारीख कोरीच राहिली आहे.